‘यामुळे कर्करोग होतो’ असा निरोप आल्यास काय तपासावे

निरोपात नेमका पदार्थ, त्याचे प्रमाण आणि आजार सांगितला आहे का, ते आधी पाहावे. प्रमाणच दिलेले नसेल, तर तो पुढे पाठवण्याचे कारण नाही.

‘जागतिक संस्थेने कर्करोगकारक ठरवले’ या वाक्यापाशी मात्र थांबावे, कारण बहुतेकांची गफलत इथेच होते आणि मथळे तिला खतपाणी घालतात. लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था पदार्थांचे गट पाडते ते पुरावा किती पक्का आहे यावरून; अपाय किती मोठा, हे गटावरून मुळीच कळत नाही. तंबाखू आणि सॉसेजसारखे प्रक्रिया केलेले मांस, दोन्ही पहिल्याच, म्हणजे सर्वांत पक्क्या पुराव्याच्या गटात आहेत. म्हणून दोन्ही सारखीच घातक, हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. २०२३ मध्ये डाएट पेयांतले अस्पार्टेम ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात गेले, तेव्हा त्यावर गदारोळ झाला. पण त्याच वेळी अन्नातील पदार्थांची सुरक्षितता तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीने शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली, ही खरी उपयोगाची माहिती मागेच राहिली. एका डब्यात २०० ते ३०० मिलिग्रॅम धरल्यास ७० किलोच्या माणसाला ती ओलांडण्यासाठी दिवसाला ९ ते १४ डब्यांहून अधिक प्यावे लागेल.

चहाचेही तसेच. ६५ अंश सेल्सिअसहून गरम पेये ‘बहुधा कर्करोगकारक’ आहेत, पण दोष तापमानाचा आहे. बशीत ओतून पिणाऱ्यांनी निश्चिंत असावे. याउलट, अडकित्त्याने सुपारी कातरता कातरता मायक्रोवेव्हच्या लहरींची चिंता करणारी मंडळी मला हमखास भेटतात. तंबाखू नसलेली सुपारीही पहिल्या गटात आहे आणि ती रोज, दिवसातून अनेकदा चघळली जाते.

शेवटी, जंतूंचा धोका वेगळा मोजावा, कारण तो वर्षांत नव्हे, तासांत दिसतो. भात शिजवूनही ‘बॅसिलस सिरियस’ या जंतूचे बीजाणू, म्हणजे उष्णता सोसणारी सुप्त रूपे, टिकतात, ओट्यावर रात्रभर राहिलेल्या भातात त्यांतून जंतू वाढतात, आणि त्यांचे उलट्या घडवणारे विष सकाळच्या खमंग फोडणीनेही नष्ट होत नाही. उरलेला भात पसरट भांड्यात लवकर निववून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा. तसा ठेवलेल्या भाताचा फोडणीचा भात दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून खुशाल खावा.