जुन्या जॅझ गाण्यांतला गांजा कसा ओळखावा

१९२० ते १९४५ या काळातल्या अमेरिकन जॅझ ध्वनिमुद्रणांत गांजाचा उल्लेख वारंवार येतो, परंतु ‘मॅरिवाना’ हा शब्द त्यांत क्वचितच कानी पडतो. वादकांच्या बोलीत त्याला रीफर (म्हणजे गांजाची विडी), टी, गेज, मगल्स, वीड, मेझ, जाइव्ह अशी कितीतरी नावे होती आणि ओढणाऱ्याला व्हायपर म्हणत. ही यादी पाठ करून गाणी ऐकायला बसणारा मात्र पहिल्याच दिवशी फसतो, कारण यांतल्या बहुतेक शब्दांना दुसरा, अगदी साधा अर्थही आहे. टी म्हणजे चहा, वीड म्हणजे तण किंवा तंबाखू, जाइव्ह म्हणजे थापा, बोलण्याची ढब किंवा नुसते नाचते संगीत. १९२४ सालच्या ‘टी फॉर टू’ या गाण्यातला चहा हा चहाच आहे. त्यामुळे शब्द सापडला की लगेच खूण करू नये; तो कोणी, कधी आणि कोणत्या शब्दांच्या शेजारी उच्चारला, हे आधी पाहावे.

पहिले काम तारखेचे. तबकडी बाजारात कधी आली यापेक्षा ती कोणत्या दिवशी ध्वनिमुद्रित झाली हे शोधावे, कारण एकेका महिन्याने संदर्भ बदलतो. बेसी स्मिथने ‘गिम्मी अ पिगफूट’ २४ नोव्हेंबर १९३३ रोजी गायले. देशव्यापी दारूबंदी त्यानंतर अकराच दिवसांनी, ५ डिसेंबरला उठली. गाण्याच्या सुरुवातीला ती डुकराचा पाय आणि बिअरची बाटली मागते, शेवटाकडे येताना रीफर आणि ढीगभर जिन मागते. येथे सांकेतिक अर्थ उकलण्याची गरजच नाही: रीफर हा मेजवानीच्या मागण्यांच्या रांगेत जिनच्या शेजारी उभा आहे. त्या दिवशी जिन अजून कायद्याच्या पलीकडचीच होती, सौम्य बिअर मात्र त्याच वर्षीच्या एप्रिलपासून कायदेशीर झाली होती, हे तारखेमुळे कळते आणि मग ती मागणी किती मोकळेपणाने केली आहे हेही लक्षात येते. शेजारचे शब्द हा सर्वांत भक्कम पुरावा असतो, असे माझे मत आहे.

तारखेच्या बाबतीत एक समज मात्र सोडून द्यावा. गांजावरील संघीय कर-कायदा १ ऑक्टोबर १९३७ रोजी लागू झाला. नोंदणी केलेल्याला औंसामागे १ डॉलर आणि न केलेल्याला १०० डॉलर असा त्याचा कर होता, म्हणजे तो नावाला कर आणि प्रत्यक्षात बंदी होती. या कायद्याने ही गाणी बंद पाडली असे सर्रास सांगितले जाते. पण सिडनी बेशेचे ‘व्हायपर मॅड’, ट्रिक्सी स्मिथचे ‘जॅक, आय’म मेलो’ आणि बस्टर बेलीचे ‘लाइट अप’ ही तिन्ही ध्वनिमुद्रणे १९३८ सालची आहेत. १९४५ मध्ये बार्नी बिगार्डच्या तबकडीवर तर ‘स्वीट मॅरिवाना ब्राउन’ असे पूर्ण नावच छापलेले होते. म्हणून ‘१९३७ नंतरचे आहे, तेव्हा तसे नसेल’ असा निष्कर्ष कधीही काढू नये.

यानंतर शब्दांची प्रतवारी करावी. रीफर आणि व्हायपर हे दोन शब्द खुंट्यासारखे पक्के धरावेत आणि बाकीचे त्यांना बांधून तपासावेत. व्हायपर म्हणजे विषारी साप. ओढणारा दातांतून हवा आत घेताना जो फूत्कारासारखा आवाज करतो, त्यावरून हे नाव पडल्याचे सांगतात. व्हायोलिनवादक स्टफ स्मिथच्या वाद्यवृंदाने १९३६ मध्ये ‘यूझ अ व्हायपर’ ध्वनिमुद्रित केले. त्यात पाच फूट लांबीच्या रीफरचे स्वप्न येते आणि लगोलग त्याला ‘मेझ’ म्हटले जाते. हा मेझ म्हणजे शिकागोत १८९९ साली जन्मलेला क्लॅरिनेटवादक मेझ मेझरो. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत तो गांजा विकत असे आणि त्याचा माल इतका नावाजला गेला की त्याचे नावच चांगल्या मालाचे विशेषण झाले. (वादक म्हणून एवढी कीर्ती त्याला कधी मिळाली नाही.) येथे व्हायपर, रीफर आणि मेझ एकमेकांना आधार देतात, त्यामुळे शंकेला जागा उरत नाही. असा तिहेरी दाखला मिळाला की त्याच गाण्याच्या इतर आवृत्त्या ऐकाव्यात: रोझेटा हॉवर्डने ते १९३७ मध्ये गायले, फॅट्स वॉलरने १९४३ मध्ये. कोणी कोणता शब्द ठेवला आणि कोणता गाळला, हे समोरासमोर ठेवून ऐकल्याशिवाय कळत नाही.

शब्दच नसलेल्या रचनांची परीक्षा सर्वांत अवघड आणि, माझ्या लेखी, सर्वांत रंजकही आहे. लुई आर्मस्ट्राँगने ‘मगल्स’ ७ डिसेंबर १९२८ रोजी शिकागोत ध्वनिमुद्रित केले. ती संथ ब्लूज आहे. आधी अर्ल हाइन्सचा पियानो, मग ट्रॉम्बोन, मग क्लॅरिनेट असे सगळे निवांत चालते. नंतर आर्मस्ट्राँग ट्रम्पेट उचलतो, लय एकदम दुप्पट करतो, जवळजवळ एकाच स्वरावर ठाण मांडून केवळ आघातांच्या जागा बदलत राहतो आणि अखेरीस पुन्हा मूळच्या संथ लयीत उतरतो. हे ऐकताना ‘नशेत काळ असाच ताणला जातो’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. गांजाचा पुरावा येथे फक्त नावात आहे; लयीचा खेळ हे आर्मस्ट्राँगचे कसब आहे आणि त्याचे श्रेय धुराला देणे हा त्याच्यावर अन्याय आहे. डॉन रेडमनच्या १९३१ सालच्या ‘चँट ऑफ द वीड’लाही हाच नियम लावावा. तिची स्वररचना विचित्र, तरंगती आहे हे खरे. पण नाव झाकून तबकडी वाजवली, तर त्यातून कोणी गांजा ओळखेल असे वाटत नाही. आपल्या टिपणात ‘संदर्भ: नावापुरता’ असा वेगळा शेरा ठेवला की हा गोंधळ टळतो.

दुसऱ्या नशेचा उल्लेख गांजाच्या खात्यात जाऊ नये याचीही काळजी घ्यावी. कॅब कॅलोवेच्या १९३१ सालच्या ‘मिनी द मूचर’मध्ये येणारा ‘घंटा वाजवण्या’चा वाक्प्रचार अफू ओढण्याचा आहे आणि मिनीच्या प्रियकराला लावलेले ‘कोकी’ हे विशेषण कोकेनचे आहे. त्याच गायकाचे १९३२ सालचे ‘रीफर मॅन’ मात्र उघडउघड गांजाचे आहे. पुढल्या वर्षीच्या ‘इंटरनॅशनल हाउस’ या चित्रपटात ते पाहिले, तर तंद्री लागल्यासारखा बास वाजवणारा अल मॉर्गन हीच त्या गाण्याची टीप ठरते.

आता संशयास्पद जागा. बेनी गुडमनच्या वाद्यवृंदाने १९३३ मध्ये ‘टेक्सस टी पार्टी’ ध्वनिमुद्रित केले आणि ते गायला टेक्ससचा जॅक टीगार्डन. त्याच्या आडनावातच ‘टी’ आहे आणि मित्रमंडळीत तो ‘बिग टी’ म्हणून ओळखला जाई. मग हा टी गायकाचा की गांजाचा? माझ्या मते दोघांचा, आणि गंमत नेमकी त्यातच आहे. अशा ठिकाणी गाण्याबाहेरचा दाखला उपयोगी पडतो. न्यूयॉर्कच्या महापौरांनी नेमलेल्या समितीच्या १९४४ सालच्या अहवालात, गांजा ओढण्यासाठी लोक जमत त्या हार्लेममधल्या खोल्यांना ‘टी-पॅड’ हेच नाव दिलेले आहे. म्हणजे टी हा शब्द वादकांपुरता नव्हता, एवढे तरी निश्चित होते. एला फिट्झजेराल्डने चिक वेब यांच्या वाद्यवृंदासह १९३६ मध्ये गायलेल्या ‘व्हेन आय गेट लो आय गेट हाय’ला असा आधार मिळत नाही, ‘हाय’ दारूनेही होता येते, म्हणून मी ते संशयितांच्या यादीतच ठेवले आहे.

शेवटची तपासणी उलट्या दिशेने करावी: संदर्भ जेथे ऐकू येत नाही, तेथे तो पूर्वी होता का, हे पाहावे. हार्लेम हॅमफॅट्सने (नावात हार्लेम असले तरी ही मंडळी शिकागोची) १९३६ मध्ये जो मॅकॉयचे ‘वीड स्मोकर्स ड्रीम’ ध्वनिमुद्रित केले. पुढे मॅकॉयने ते नव्याने लिहिले. १९४१ मध्ये लिल ग्रीनने आणि १९४२ मध्ये गुडमनच्या वाद्यवृंदासह पेगी लीने ‘व्हाय डोन्ट यू डू राइट’ या नावाने ते गायले. चाल ओळखू येते, पण त्यात आता पैसे न कमावणाऱ्या पुरुषाला एक बाई सुनावत असते आणि गांजा पार नाहीसा झालेला असतो. हे तिन्ही तुकडे वर्षांच्या क्रमाने, लागोपाठ ऐकावेत.