रोजची बाईक ट्रॅकवर न्यायचीय? आधी ब्रेक बघा

ट्रॅक डेचं, म्हणजे रेसिंग ट्रॅकवर आपलीच गाडी चालवायच्या दिवसाचं, बुकिंग झालं की सगळ्यांच्या डोक्यात पहिला एक्झॉस्ट येतो, मग एअर फिल्टर, मग ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. माझं कळकळीचं सांगणं आहे, ते पैसे ठेवा बाजूला आणि ब्रेक, टायर आणि अंगावरच्या गियरवर घाला. गाडी स्टॉक असली तरी काही बिघडत नाही, ३९० ड्यूक असो नाहीतर आर१५, पहिल्या वेळेला गाडी आपल्यापेक्षा फास्टच असते.

मी पुण्याचा, पण सांगतो ते चेन्नईच्या ट्रॅकचं. मद्रास इंटरनॅशनल सर्किट, म्हणजे आधीचा एमएमआरटी (मद्रास मोटर रेस ट्रॅक), १९९० पासूनचा ट्रॅक आहे, ३.७ किलोमीटरचा एक लॅप आणि १२ कॉर्नर. आपला एनएच ४८ धरला की कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळुरू करत तोच हायवे श्रीपेरंबुदूरजवळ ट्रॅकपाशी नेऊन सोडतो, पण साडेअकराशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, तेव्हा चालवत जाणार असाल तर मध्ये पूर्ण एक दिवस आराम धरा, दमलेल्या अंगाने ट्रॅकवर उतरू नका.

आता ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतली ओल धरतं. नवीन डॉट ४ ग्रेडचं ब्रेक ऑइल कमीत कमी २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही पण त्यात ओल मुरली की तेच १५५ च्या आसपास उकळू शकतं, आणि उकळलं की लाईनमध्ये बुडबुडे होतात आणि लिव्हर नुसता आत जातो. रोडवर हे कधी कळत नाही कारण रोडवर आपण तेवढे ब्रेक सलग तापवतच नाही. माझ्या पहिल्या ट्रॅक डेला पाचव्या लॅपला स्ट्रेट संपता संपता लिव्हर दाबला तर तो पार ग्रिपला येऊन टेकला, दोन-तीनदा पंप केल्यावर थोडा ब्रेक लागला आणि मी सरळ मातीत गेलो. पडलो नाही पण हात कितीतरी वेळ थरथरत होते. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकबाहेर गाड्या थांबवायच्या जागेत, येऊन बघतो तर ब्रेक ऑइलच्या डबीच्या काचेतून ऑइल कोऱ्या चहासारखं दिसत होतं, आणि सर्व्हिसच्या बिलावर मात्र "ब्रेक ऑइल बदलले" असं छापलेलं. तेव्हापासून समोर उभं राहून सीलबंद बाटली उघडून घेतो, जुनं ऑइल पूर्ण निघून ब्लीडरमधून, म्हणजे ऑइल बाहेर काढायच्या स्क्रूमधून, स्वच्छ ऑइल बुडबुड्याशिवाय येईपर्यंत हलत नाही. पॅड अर्ध्याच्या खाली असतील तर नवीन टाका आणि शे-दोनशे किलोमीटर रोडवर चालवून बसवून घ्या.

टायरच्या कडेला चार आकडे असतात, ३२२२ म्हणजे २०२२ चा ३२ वा आठवडा. पाचेक वर्षांचा कडक झालेला टायर असेल, नक्षी कितीही शिल्लक असली तरी नेऊ नका. ट्रॅकवर टायर तापला की आतलं प्रेशर वाढतं म्हणून उतरायच्या आधी रोजच्यापेक्षा ३-४ पीएसआय कमी ठेवा, सेशनवरून आल्या आल्या गरम टायरला गेज लावून प्रेशर परत बघा, आणि गेज स्वतःचा न्या.

चेनला ल्यूब आदल्या रात्री, तेही पुसून. सकाळी मारलं तर ते उडून मागच्या टायरवर जातं.

पोचल्यावर आरसे, नंबर प्लेट, मोबाईल माउंट, क्रॅश गार्ड काढायचं. साडी गार्डसुद्धा, हे बरेच जण घरी काढायचं विसरतात आणि मग स्क्रुटिनीच्या, म्हणजे गाडी तपासणीच्या, लाईनीत पाना शोधत फिरतात. हेडलाईट, इंडिकेटर, टेललाईटवर टेप लावा म्हणजे पडलात तर काचा ट्रॅकवर पसरणार नाहीत. कूलंट काढून डिस्टिल्ड वॉटर घालायला सांगतात का हे आयोजकांना आधीच विचारा, कूलंट सांडला की मागून येणारा घसरतो.

लेदर सूट बऱ्याच ठिकाणी भाड्याने मिळतो, बूट घोट्याच्या वर आणि ग्लोव्हज मनगट झाकणारे हवेत. चेन्नईच्या उन्हात सूटमध्ये अंग अक्षरशः शिजतं, ओआरएस आणि पाणी भरपूर ठेवा. इन्शुरन्सचं पण ऐका, आपल्या गाडीच्या पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं, ट्रॅकवर गाडी आपटली तर खर्च आपलाच धरून चाला.

ट्रॅकवर पहिलं सेशन साठ-सत्तर टक्क्यांनीच. झेंडे ब्रीफिंगमध्ये सांगतात ते पाठ करा, पिवळा दिसला की ओव्हरटेक नाही, लाल दिसला की हळू होऊन पिटमध्ये, पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे पुढे ऑइल किंवा घसरडं. मागून फास्ट कोणी आलं तर वळून बघू नका, आपली लाईन सोडू नका, तो त्याचा जाईल. सी१, म्हणजे पहिला कॉर्नर, हा फास्ट राईट कॉर्नर आहे, तिथे बाकीचे किती स्पीडने जातायत ते बघून गॅस उघडू नका. ब्रेकिंग सरळ रेषेत उरकायचं, मग नजर पुढच्या वळणाच्या आतल्या कडेला, मग बाहेर पडायच्या जागेला. गुडघा टेकवायच्या मागे लागू नका, लाईन बरोबर बसली की तो आपोआप टेकतो. हाताची पकड ढिली पडायला लागली की सेशन अर्ध्यात सोडून डावा हात वर करून पिटमध्ये या.

निघताना आरसे आणि प्लेट परत लावा, टेप काढा, हवा रोडच्या प्रेशरला भरा, ब्रेक लाईट पेटतोय ना बघा. आणि त्या संध्याकाळी लगेच हायवेला लागू नका, दिवसभर त्या स्पीडला राहिल्यावर ८० चा स्पीड ४० सारखा वाटतो, श्रीपेरंबुदूरला झोपा आणि सकाळी निघा.