स्टोरीलाइन पाठवताना शेवट लिहू नका
टेक्स्ट रोलप्लेमधे (म्हणजे प्रत्येकानं एक कॅरेक्टर घेऊन लिहून खेळायचा गोष्टीचा खेळ) स्वतःची स्टोरीलाइन खेळ चालवणाऱ्या अ‍ॅडमिनला पाठवायची असेल तर शेवट लिहूच नका भाऊ, सुरुवात द्या, कोण कोण त्यात येऊ शकतं ते द्या, आणि प्लेअर्सनी भलतंच काही केलं तर काय बदलेल ते दोन ओळीत. मी रावेर स्टेशनातून केळीनं भरलेल्या वॅगन रातोरात गायब झाल्याचा प्लॉट पाठवलेला, चोर कोण तेही ठरवून, लगेच परत आला. मग फक्त रिकामा रूळ, चिखलात तापीकडे गेलेल्या बैलगाडीच्या चाकोऱ्या आणि घाबरलेला एक हमाल एवढंच ठेवलं, पास झाला! दुसऱ्याच्या कॅरेक्टरनं काय करायचं ते आपण ठरवायचं नाही, आधी त्याला मेसेज टाकून विचारा. आणि अ‍ॅडमिनकडून नेमकं काय लागेल, खेळातली एखादी खोली, एखादा एनपीसी (कुठल्याच प्लेअरचं नसलेलं पात्र), ते सगळ्यात वर लिहा.