दत्तक कुत्र्यासाठी ट्रेनर शोधताना या चुका टाळा

कुत्रा घरी नेल्यावर दोन-तीन दिवसांत फोन येतोच. "ताई, एखादा चांगला ट्रेनर सांगा ना, हा अजिबात ऐकत नाही." रस्त्यावरच्या पिल्लांना आणि लोकांनी सोडून दिलेल्या लॅब, पामेरियनना नाशिकमध्ये घरं शोधून द्यायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. दत्तक दिलेला कुत्रा परत आला की मी आधी एकच गोष्ट विचारते, ट्रेनर कोण होता आणि तो कसा शिकवायचा. उत्तरं ऐकून आता पाठ झाली आहेत.

आल्या आल्या ट्रेनर बोलावणं

नव्या घरात आलेला कुत्रा पहिले काही दिवस नीट जेवत नाही, पलंगाखाली बसून राहतो, नाहीतर सारखा दाराशी घुटमळतो. हा त्याचा स्वभाव नव्हे, त्याला भीती वाटते आहे. कुत्री दत्तक देणारे आम्ही लोक एक ढोबळ हिशेब सांगतो. घाबरणं कमी व्हायला तीन दिवस, घराची पद्धत कळायला तीन आठवडे आणि हे घर आपलंच आहे असं वाटायला तीन महिने. कोणाला जास्त लागतात, कोणाला कमी. तेवढ्या काळात त्याला एक कोपरा द्या, जेवणाच्या आणि फिरायच्या वेळा ठरवा, नावाला ओ द्यायला शिकवा. तो चावायला धावत असेल किंवा जेवणाच्या भांड्याजवळ कोणाला येऊ देत नसेल, तर मात्र थांबू नका. लहान पिल्लाच्या बाबतीतही थांबू नका. साधारण तीन ते चौदा आठवड्यांच्या वयात ते जे बघतं-ऐकतं, ते त्याला पुढे नेहमीचं वाटतं. लसी पूर्ण व्हायच्या असतील तर कडेवर घेऊन द्वारका सर्कलची गर्दी दाखवा, रिक्षांचे आवाज ऐकू द्या.

ट्रेनरच्या आधी डॉक्टर. पावसाळ्यानंतर आपल्याकडे गोचिडांचा सुळसुळाट असतो, आणि गोचीड तापात सांधे दुखतात. 'सिट' म्हटल्यावर न बसणारा कुत्रा हट्टी असेलच असं नाही. बसताना त्याला दुखत असेल.

'पंधरा दिवसांत सरळ करून देतो' यावर विश्वास ठेवणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, म्हणून सविस्तर सांगते.

गंगापूर रोडच्या एका कुटुंबाने आमच्याकडून राणी नेली. देशी, वयाने मोठी, घरच्यांशी प्रेमळ, पण अनोळखी माणूस आला की गुरगुरायची. कोणीतरी एक ट्रेनर सुचवला. त्याने गॅरंटी दिली, महिन्याचे पैसे आधीच घेतले आणि सांगितलं, "तुम्ही समोर असलात की ती लाडात येते, तुम्ही वर थांबा." खाली पार्किंगमध्ये तो तिला चोक चेन, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी, घालायचा. कोणी आलं, ती गुरगुरली की गळ्याला झटका. आठवड्याभरात गुरगुरणं बंद. काकूंचा आनंदाने फोन आला, "अहो ताई, एकदम शहाणी झाली बघा."

मी बघायला गेले. राणी पॅसेजमध्ये भिंतीला चिकटून बसली होती. कान मागे, शेपटी पोटाखाली, सारखी ओठ चाटत होती. काकांनी दिव्याच्या बटणाकडे हात नेला तशी तिने मान न हलवता डोळे फिरवले, पांढरा भाग दिसला. पुढे ठेवलेल्या पनीरला तिने तोंड लावलं नाही. मी म्हटलं, "काकू, ही शांत नाही, घाबरलेली आहे. ट्रेनर थांबवा आणि पाहुण्यांपासून हिला लांब ठेवा." "अहो, पैसे भरलेत ना, महिना पूर्ण होऊ दे," असं उत्तर मिळालं.

गणपतीत घर भरलं. एक लहान मुलगा टेबलाखाली गेलेला चेंडू घ्यायला वाकला, राणी तिथेच होती. ती चावली, आणि आधी अजिबात गुरगुरली नाही. मुलाचा हात नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुतला, लगेच दवाखान्यात नेलं, रेबीजची इंजेक्शनं पूर्ण केली. राणीची लस झालेली होती तरीही.

गुरगुरणं म्हणजे कुत्र्याने दिलेली सूचना असते. लांब राहा, मला भीती वाटते. शिक्षा करून ती सूचना बंद होते, भीती तशीच राहते, आणि मग पुढची पायरी थेट दात. राणीला तिच्या माणसांनी सोडलं नाही, याबद्दल मला त्यांचं फार कौतुक आहे. दुसऱ्या ट्रेनर मुलीने चेन काढून हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छातीभोवती बसणारा पट्टा, घातला, अनोळखी माणूस खूप लांब उभा करून उकडलेल्या चिकनचे तुकडे दिले आणि ते अंतर हळूहळू कमी केलं. त्यात कित्येक महिने गेले. अजूनही पाहुणे आले की राणी आतल्या खोलीत जाते, आणि त्यात काही बिघडत नाही.

'तुम्ही अल्फा व्हा, त्याला दाबून ठेवा' असं म्हणणारे याच पंथातले. कळपात जो जोर दाखवतो तोच म्होरक्या, म्हणजे अल्फा, ही कल्पना कोंडून ठेवलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणावरून १९४७ मध्ये आली. ती लोकप्रिय करण्यात ज्यांच्या लिखाणाचा मोठा वाटा होता, त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं की सगळ्या कुत्र्यांना बक्षीस देऊनच शिकवावं, आक्रमक कुत्र्यांनासुद्धा. विजेचा झटका देणारा शॉक कॉलर तर ब्रिटनमधल्या वेल्समध्ये २०१० पासून बंद आहे. आपल्याकडे तो ऑनलाइन कोणीही मागवतो.

न विचारता लीश हातात देणं

आपल्या देशात कुत्र्यांचा ट्रेनर व्हायला कुठलाही परवाना लागत नाही. भिंतीवरच्या सर्टिफिकेटपेक्षा मला त्याची उत्तरं महत्त्वाची वाटतात. माझे प्रश्न ठरलेले आहेत. कुत्र्याने बरोबर केलं की काय देता? चुकला तर काय करता? मी पूर्ण वेळ समोर बसणार, चालेल का? दुसऱ्या प्रश्नाला 'थोडं कडक व्हावं लागतं' एवढंच उत्तर आलं, तर कडक म्हणजे नेमकं काय ते करून दाखवायला सांगा. तिसऱ्याला नाही म्हणणाऱ्याला मी दारातूनच नमस्कार करते. नंतर दुसऱ्या कोणाच्या कुत्र्याबरोबरचा त्याचा एक क्लास बघून या. तिथे ट्रेनरकडे कमी आणि कुत्र्याच्या शेपटीकडे जास्त बघा. ट्रेनर आला की कुत्रा पुढे धावतो की मालकाच्या मागे लपतो, एवढ्यात बरंच समजतं.

आता बाकीच्या चुका. त्या लहान आहेत, पण रोज दिसतात.

ट्रेनरच्या स्वतःच्या मॅलिनॉइसचे (पोलीस-फौजेत वापरतात ती चपळ जात) रील बघून भुलू नका. तुमच्या घाबरलेल्या कुत्र्याबरोबर तो काय करतो ते बघा.

देवळालीच्या लष्करी छावणीमुळे आपल्याकडे फौजेतून निवृत्त झालेली माणसं बरीच आहेत आणि त्यांच्या शिस्तीचा मला आदर आहे. पण कामासाठी निवडून घेतलेला कुत्रा आणि मार खाऊन आलेला कुत्रा यांना शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत.

कुत्रा महिनाभर ट्रेनरकडे ठेवून 'शिकवून आणणं' मला मुळीच पटत नाही. तो तिथे त्या माणसाचं ऐकायला शिकतो. घरी आल्यावर त्याला कसं ऐकायला लावायचं, हे तुम्ही शिकलेलेच नसता.

घरात एक जण 'बस' म्हणतो, दुसरा 'सिट', आणि आजी ताटातली पोळी देतात. आधी घरच्यांनी एकत्र बसून ठरवा.

बक्षीस म्हणून द्राक्षं किंवा बेदाणे कधीही देऊ नका. नाशिकमध्ये घरोघरी असतात, पण कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. उकडलेलं अंडं, चिकन, पनीरचे नखाएवढे तुकडे पुरतात.

दिवाळीच्या आठवड्यात शिकवणी सुरू करू नका. एप्रिल-मे महिन्यात दुपारी डांबरावर नेऊ नका.

आणि महिन्याचं पॅकेज आधी भरू नका. पहिल्या भेटीचे पैसे वेगळे द्या, मन भरलं तरच पुढचे. पॅकेज भरलं असेल आणि मध्येच चोक चेन बाहेर आली किंवा हात उगारला गेला, तर लीश त्याच क्षणी आपल्या हातात घ्या आणि कुत्र्याला घेऊन घरात या. उरलेल्या पैशांचं बोलणं नंतर फोनवर करता येतं.