जुनी फिफ्टी बघायला जाताना

वापरलेली लेन्स बघायला जायचं असेल तर निम्मं काम घरातच उरकतं, आणि ते काम म्हणजे आपल्या कॅमेऱ्याच्या बॉडीवरचा मॉडेलचा नंबर नीट वाचणं. हसू नका. उदाहरण म्हणून निकॉनची ५० एमएम एफ/१.८डी, म्हणजेच 'फिफ्टी', घ्या. २००२ साली आलेली, जेमतेम १५५ ग्रॅमची ही लेन्स जुन्या बाजारात अजून भरपूर फिरते. दर दोन-चार महिन्यांनी मला कुणाचा तरी फोन येतो, "दादा, फिफ्टी घेतली पण फसलो, फोकसच होत नाही." मी विचारतो, बॉडी कुठली? उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं, डी ३३०० किंवा डी ५३००. म्हणजे लेन्स ठणठणीत आहे, जोडी चुकली.

या लेन्सच्या पोटात मोटर नाही. मागच्या धातूच्या माउंटवर, म्हणजे बॉडीला जोडायच्या कड्यावर, खाच असलेला एक बारीक स्क्रू दिसतो, तो बॉडीतली मोटर फिरवते. डी ९०, डी ७०००, डी ७२००, डी ६१०, डी ७५० यांच्यात ती मोटर आहे. डी ३००० आणि डी ५००० या घराण्यांत नाही. निकॉनच्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) झेड बॉडीवर एफटीझेड अडॅप्टर, म्हणजे जोडणीचं कडं, लावून ही लेन्स चढते, पण अडॅप्टरलाही मोटर नाही, म्हणजे फोकस हातानेच. तुमची बॉडी अशी मोटर नसलेली असेल तर १.८डी कितीही स्वस्त मिळो, जाऊच नका. २०११ साली आलेली १.८जी बघा, तिची मोटर तिच्याच पोटात असते. पैसे जास्त लागतील. पण रांगती पोरं टिपायला घेतलेल्या लेन्सवर हाताने फोकस करत बसलात, तर वाचवलेले पैसे पहिल्या वाढदिवसालाच महागात पडतील.

जोडी जुळते म्हटल्यावर पिशवी भरा. स्वतःची बॉडी, पूर्ण चार्ज केलेली बॅटरी, रिकामं कार्ड. दुकानदाराच्या बॉडीवर लेन्स तपासून घरी येऊ नका. तिच्यावर फोकस जुळला म्हणून तुमच्या बॉडीवरही जुळेलच असं नाही. छोटा एलईडी टॉर्च घ्या. मोबाइलचा चालतो, पण त्याचा उजेड पसरट पडतो, पेनाएवढा टॉर्च असेल तर बरं. हवेचा ब्लोअर, मऊ फडकं. जुना ५२ एमएमचा फिल्टर असेल तर तोही टाका, का ते पुढे येईल. आणि शक्यतो सकाळी जा. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात किंवा कुणाच्या घरी, कुठेही असो, दिवसाउजेडी दहा फोटो काढता यायला हवेत. पुण्याच्या जुन्या बाजारातून उचलणार असाल तर परत देण्याचा विषय मनातून काढूनच जा, तिथे घेतलं ते घेतलं.

समोर गेल्यावर लेन्स हातात घेण्याआधी एक प्रश्न विचारा, "पावसाळ्यात कुठे ठेवता?" किती वर्षं वापरली, किती फोटो काढले, या प्रश्नांना माझ्या लेखी फारसा अर्थ नाही. लेन्स वापराने क्वचितच मरते, ठेवण्याने मरते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात आणि मुंबईत हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर असते, आणि बुरशीला त्याहून कमीही पुरतं. "कपाटात, कपड्यांमागे, लेदरच्या केसमध्ये जपून ठेवलीय," असं कुणी कौतुकाने सांगितलं की माझ्या पोटात गोळा येतो. माझी पहिली फिफ्टी मी अशीच मारली. फोमची मऊ बॅग, आत लेन्स, वरून चेन, आणि बॅग कपाटाच्या तळाशी. दोन पावसाळे तिला हात लावला नाही, का तर खराब होऊ नये म्हणून! याउलट "प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल (ओलावा शोषणारे खडे) टाकून" किंवा "ड्राय कॅबिनेटमध्ये" (आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट) असं उत्तर आलं की अर्धी लढाई जिंकली. "दर आठवड्याला वापरतो" हेही उत्तम उत्तर आहे. उन्हावाऱ्यात फिरणाऱ्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.

आता टॉर्च. लेन्सच्या आत उजेडाचं भोक लहान-मोठं करणाऱ्या पात्या असतात, आणि ते भोक ठरवणारी आकड्यांची रिंग बाहेर असते. ही लेन्स बॉडीवरून काढली की पात्या रिंगवरच्या आकड्याप्रमाणे मिटलेल्या राहतात. रिंग २२ वर लॉक असेल तर मध्ये टाचणीएवढं भोक दिसतं, आणि विकणारा त्यातूनच तुम्हाला "बघा, एकदम क्लीन" म्हणून दाखवतो. लॉक सोडा, रिंग १.८ वर आणा, म्हणजे काच पूर्ण उघडेल. मग दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जा आणि टॉर्च मागच्या बाजूने तिरका धरून पुढून बघा. सरळ नको, तिरका. लेन्स हळूहळू गोल फिरवा. मग उलटी करून तेच पुन्हा. घाई करू नका, पाच मिनिटं लागली तरी चालतील, विकणारा कंटाळला तर कंटाळू द्या.

आत काय काय दिसू शकतं? चांदण्यांसारखे सुटे ठिपके म्हणजे धूळ. जवळजवळ प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असते, फोटोत दिसत नाही, तिच्यावरून भाव पाडायला जाऊ नका, हसं होईल. बुरशी वेगळी दिसते. एका ठिपक्यातून फांद्या फुटलेल्या असतात, कोळ्याच्या जाळ्याचा तुकडा काचेला चिकटल्यासारखा, बहुतेक वेळा कडेपासून आत सरकणारा. ती साफ करता येते, पण खूप दिवस राहिली असेल तर काचेवरचं कोटिंग खाते, आणि खाल्लेलं कोटिंग परत येत नाही. तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. सगळ्या काचेवर दुधाची साय धरल्यासारखा धुरकटपणा. टॉर्चशिवाय तो सहजी दिसत नाही, आणि फोटो मात्र सगळे फिकट येतात, काळा रंग राखाडी होतो. शंका आली तर खिडकीकडे तोंड करून, खिडकी फ्रेमच्या कोपऱ्यात ठेवून एक फोटो काढा. सगळ्या फोटोवर पांढरा पडदा आला की समजा.

ओरखड्यांबद्दल लोक उगाच घाबरतात. पुढच्या काचेवरचा केसाएवढा ओरखडा फोटोत शोधूनही सापडणार नाही. मागची काच मात्र बारकाईने बघा, तिथला डाग जास्त त्रास देतो. पडलेली लेन्स ओळखायला ५२ एमएमचा फिल्टर उपयोगी पडतो. तो पुढच्या आट्यांवर अलगद बसला पाहिजे. अर्ध्या फेऱ्यात अडला की कड कुठेतरी चेपलीय. मागच्या माउंटचे स्क्रू बघा. त्यांच्या खाचा झिजलेल्या, चकाकत्या दिसल्या तर लेन्स कुणीतरी उघडली होती. उघडणं वाईट नाही, पण कुणी आणि का, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

मागच्या बाजूला एक छोटी कडी असते, तिने पात्या उघडतात-मिटतात. रिंग २२ वर ठेवून ती कडी बोटाने ढकला आणि सोडा. पात्या खटकन परत आल्या पाहिजेत. आळसावल्यासारख्या आल्या, किंवा पात्यांवर तेलकट ओले डाग दिसले, तर वंगण पात्यांपर्यंत उतरलंय. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेल्या लेन्सचं हे दुखणं. याची दुसरी परीक्षा बॉडीवर होते. मॅन्युअल मोडवर एफ/१६, पांढरी भिंत, सलग आठ-दहा फोटो. सगळे सारख्याच उजेडाचे आले पाहिजेत. कुठे उजळ, कुठे काळे, असे आले तर पात्या वेळेवर मिटत नाहीत. यात तडजोड नको.

बॉडीवर चढवताना एक गंमत होते, आणि तिच्यापायी चांगल्या लेन्स परत गेलेल्या मी पाहिल्यात. वरच्या छोट्या पडद्यावर किंवा व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावायच्या खिडकीत) "एफ-ई-ई" ही अक्षरं लुकलुकायला लागतात आणि कॅमेरा फोटोच काढत नाही. लेन्स खराब झाली असं वाटून लोक हबकतात. कारण एवढंच असतं की मघाशी काच बघायला रिंग १.८ वर आणली, ती परत केशरी २२ वर नेऊन लॉक करायची राहिली. २२ वर न्या, लॉक सरकवा, झालं. विकणाऱ्यालाही बऱ्याचदा हे माहीत नसतं. मग भाव पाडायचा की खरं सांगायचं, ते तुम्ही ठरवा. मी सांगतो.

ऑटोफोकस चालू केल्यावर घर्रर्र आवाज येणार, तो या लेन्सचा जन्मजात आहे. पुढची नळी बाहेर येताना जराशी हलते, तीही असूदे. मात्र जवळ ४५ सेंटिमीटरपासून पार अनंतापर्यंत नळी एका दमात गेली पाहिजे, मध्येच अडून चावल्यासारखं झालं नाही पाहिजे. हाताने फोकस रिंग फिरवायची तर आधी बॉडीवरचा स्विच एमवर आणा. नाहीतर तपासता तपासता तुम्हीच दातेरी चक्राची वाट लावाल.

इथवर ठीक वाटलं तर पैसे द्या. बिल मागा, मूळ बिल आणि खोका असेल तर लेन्सवरचा सिरीयल नंबर दोन्हींशी ताडून बघा. काहीच नसेल तर साध्या कागदावर नंबर, रक्कम, तारीख आणि सही घ्या. देणारा टाळाटाळ करत असेल तर लेन्स कुणाची आहे हा प्रश्न पडायला हवा. दुकान असेल तर आठवडाभरात परत घ्याल का, हेही तिथेच ठरवून कागदावर लिहून घ्या, कारण खरी परीक्षा घरी आहे.

घरी गेल्यावर वर्तमानपत्रातली छोट्या जाहिरातींची पानं काढा, बारीक टाइपामुळे तीच सगळ्यात कामाची. भिंतीवर मध्ये एक आणि चार कोपऱ्यांत चार चिकटवा. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा आणि भिंतीला समांतर करा. हे नजरेने जमत नाही. भिंतीवर बरोबर मध्ये छोटा आरसा टेकवा. व्ह्यूफाइंडरच्या मधोमध स्वतःच्या लेन्सचं प्रतिबिंब दिसलं की कॅमेरा सरळ. आरसा काढा, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर बघत, मधल्या पानावर फोकस करा, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि १.८, २.८, ५.६ असे तीन फोटो काढा.

१.८ वर कोपरे मऊ येणारच, फुलफ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, बॉडीवर काळपटही येतील. त्याने खचून जाऊ नका. बघायचं असतं ते चारही कोपरे सारखेच मऊ आहेत का. तीन कोपऱ्यांत "खोली भाड्याने देणे आहे" वाचता येतंय आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात नुसता ढग, आणि ५.६ वरही तो ढग हटत नाही, तर आतली एखादी काच तिरकी बसलीय. आरसा लावून पुन्हा एकदा फोटो काढा, चूक आपली नाही याची खात्री करा, आणि मग परत द्या. क्रॉप, म्हणजे लहान, सेन्सरची बॉडी असेल तर काचेचा मधला भागच वापरला जातो, त्यामुळे थोडाफार दोष तुम्हाला कधी दिसणारही नाही. पण पुढे फुलफ्रेम घ्यायचा बेत असेल तर दिसेल.

मग तेच पान टेबलावर आडवं पसरा, तिरक्या कोनातून एका ओळीवर व्ह्यूफाइंडरने फोकस करून १.८ वर फोटो काढा. पाच-सहा वेळा, दर वेळी फोकस मुद्दाम बिघडवून. दर वेळी मागचीच ओळ ठळक येत असेल तर लेन्स आणि बॉडीचं जुळत नाही. डी ७००० आणि तिच्यासारख्या बॉडीत हे मेन्यूमधून दुरुस्त करता येतं, डी ९० मध्ये ती सोय नाही. कधी पुढे, कधी मागे असं होत असेल तर दुरुस्तीच्या नादी लागू नका.

आता भाव. खरेदी चांगली झाली की नाही हे मी मागितलेल्या रकमेवरून ठरवत नाही. त्या रकमेत दुरुस्ती मिळवतो आणि वर्षभराने विकली तर काय येईल ते वजा करतो. साडेचार हजारांची लेन्स, दीड हजारांची सफाई, आणि "एकदा उघडलीय" म्हणून पुढे तीनच हजार येणार, तर वर्षाचे तीन हजार गेले. त्यापेक्षा साडेपाचची स्वच्छ लेन्स घेऊन पाचला विकलेली परवडते. थोडी धूळ, घासलेला रंग, हरवलेलं झाकण, यांच्यावर घासाघीस करून पाचशे वाचवा. बुरशी असलेली लेन्स मात्र कुणी फुकट दिली तरी मी इतर लेन्सबरोबर ठेवत नाही.

आणि हो, लेन्स शोधायला निघण्याच्या आदल्या दिवशीच घट्ट झाकणाचा डबा आणून ठेवा. रव्या-मैद्याचा असतो तसला. आत रंग बदलणारं सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक टाका. काटा ४० ते ५० च्या मध्ये राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर तव्यात परतून घ्या. आमच्या घरी त्यासाठी वेगळा तवा आहे, त्यामागची कथा मोठी आहे आणि त्यात चूक माझी होती.