सालामांकाला गट नेताना

कॉलेजच्या मुलांना नाशिकहून स्पॅनिशसाठी स्पेनमधल्या सालामांकाला न्यायचं, तर शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांसाठीच्या सामायिक व्हिसाचा) अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा लागतोच.

खरं काम निघण्याआधीचं. गंगापूर रोडवरच्या वर्गात मी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिते, ‘मला द्राक्षं आवडतात’. खाली, ‘मे गुस्तान लास उवास’. रचना अगदी तीच! द्राक्षं अनेक, म्हणून क्रियापदही अनेकवचनी. इंग्रजीतून शिकवलं की मुलं नेमकी इथेच अडखळतात. ‘त’सुद्धा आपलाच, दंत्य.

तिथे एका घरात एकच विद्यार्थी ठेवा. दोघं असली की जेवताना मराठीच चालते. रात्रीचं जेवण नऊनंतर, म्हणून सोबत चिवडा द्या. तो यजमानांना खाऊ घालून त्यात काय काय आहे, ते स्पॅनिशमध्ये सांगायला लावा.