म्हातारा कुत्रा दत्तक घेताय? आल्यापासून निरोपापर्यंत या चुका टाळा

म्हातारा कुत्रा असलेल्या घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "वय झालंय त्याचं." जिना चढेनासा झाला, वय झालंय. घरात शू केली, वय झालंय. तोंडाला वास मारतो, तोही वयामुळेच. शेल्टरमधून किंवा रस्त्यावरून आणलेल्या कुत्र्याचं आधीचं आयुष्य कोणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे हे वाक्य आणखीच सोयीचं पडतं. पण म्हातारपण हा आजार नाही. या वाक्याआड सांधेदुखी, किडलेले दात, किडनीचा विकार असं बरंच काही महिनोन्‌महिने लपून राहतं, आणि यातल्या बहुतेकांवर निदान आराम पडेल एवढा तरी इलाज असतो.

पहिल्याच आठवड्यात स्वभाव ठरवून मोकळं होणं

नवीन घरी आलेला कुत्रा कोपरा धरतो, दिवसभर झोपतो, सगळे झोपल्यावर उठून खातो. "किती गरीब आहे!" किंवा "खूश दिसत नाही," असा शेरा लगेच मारू नका. कुत्री सांभाळणाऱ्यांमध्ये एक ढोबळ हिशेब प्रचलित आहे: ३ दिवस भेदरलेपण जायला, ३ आठवडे घराचा रिवाज कळायला, ३ महिने घर आपलं वाटायला. म्हाताऱ्याला याहून जास्त वेळ लागला तरी नवल नाही. तोवर पाहुणे, आंघोळ, लांबची फिरती, सगळं बाजूला ठेवा. खाणं बदलायचं असेल तर आठवडा-दहा दिवसांत थोडं थोडं बदला.

झोपेत मागून हात लावल्यावर तो गुरकावला किंवा चावायला आला, तर "चावरा आहे" म्हणून परत पाठवण्याआधी त्याला ऐकू येतं का ते पाहा. बहिऱ्या कुत्र्याला उठवायचं तर जमिनीवर पाय आपटा, हादरा त्याला कळतो. डोळ्यांत निळसर धुरकटपणा दिसला म्हणजे मोतीबिंदूच असेल असंही नाही. वयानुसार भिंग घट्ट होतं, तेव्हाही डोळे तसेच दिसतात आणि नजर बऱ्यापैकी शाबूत असते. नक्की काय ते डॉक्टर डोळे तपासून सांगतील.

"खातोय ना, मग दुखत नसणार"

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान ही समजूत करते. कुत्री दुखत असतानाही खातात. सडक्या दाताने खातात, लंगडत वाटीपर्यंत येऊन खातात. म्हणून वाटी रिकामी झाली की नाही यापेक्षा तो खातो कसा ते बघा. घास एका बाजूने चावतो, मध्येच तोंडातून पाडतो, पुन्हा उचलतो, कडक तुकडा तसाच सोडतो. असं दिसलं तर दात तपासून घ्या.

सांधेदुखीचंही तसंच. दुखणारा कुत्रा क्वचितच ओरडतो. गुळगुळीत फरशीवरून तो कसा उठतो ते एकदा नीट पाहा. पुढचे पाय रोवतो, मागचे पाय बाहेरच्या बाजूला घसरतात, तो तसाच अर्धवट थांबतो, इकडेतिकडे बघतो आणि पुन्हा बसून घेतो. बघणाऱ्याला वाटतं, उठायचंच नव्हतं. जास्त धापा टाकणं, एकच सांधा चाटत राहणं, रात्री जागा बदलत राहणं, अंगाला हात लावू न देणं, याही दुखण्याच्याच खुणा. घसरणाऱ्या फरशीवर रबरी मॅट टाका, वजन आटोक्यात ठेवा आणि डॉक्टरांनी दिलेलं वेदनाशामक नियमित द्या. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. मात्र घरातल्या डब्यातली माणसांची गोळी कदापि देऊ नका. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनी निकामी होऊ शकते. पॅरासिटामॉलही मनाने देण्याची गोष्ट नाही.

रक्ततपासणी केली, आता निश्चिंत

किडनीची सुमारे तीन चतुर्थांश ताकद गेल्यावरच रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) ठळकपणे वाढतं. म्हणून रक्ताबरोबर लघवीही तपासा. घरी तो पाणी किती पितो त्यावर लक्ष ठेवा. दिवसाला एका किलो वजनामागे १०० मिलिलिटरपेक्षा जास्त, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला लिटरभराहून अधिक पाणी लागत असेल, तर डॉक्टरांना सांगा. घरात शू होते म्हणून पाणी कमी करणं ही फार घातक चूक आहे. असं शू होण्यामागे संसर्ग, मधुमेह किंवा किडनी असू शकते, आणि पाणी तोडलं तर तो थेट संकटात जातो.

हृदयाचा त्रास असेल किंवा तशी शंका असेल, तर गाढ झोपेतले श्वास मोजायची सवय लावा. मिनिटाला ३० च्या आत असावेत. रोजच त्याहून जास्त भरू लागले तर थांबू नका. आणि अचानक कोलमडला, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या, तर मध्यरात्र असली तरी दवाखाना गाठायचा.

दाराच्या बिजागरीकडच्या फटीत नाक खुपसून दार उघडायची वाट बघणं, भिंतीकडे टक लावणं, रात्रभर येरझाऱ्या ही मेंदूच्या झिजेची लक्षणं असू शकतात. रागावून उपयोग नाही. रात्री मंद दिवा ठेवा, सामान हलवू नका, औषधांबद्दल डॉक्टरांना विचारा.

"वेळ आली की तोच सांगेल"

काही कुत्री सांगतातही. पुष्कळशी सांगत नाहीत, सोसत राहतात. आपोआप येणारं मरण शांतच असेल याचीही खात्री नसते. अमेरिकेतल्या पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये त्याचं जगणं अजून सुसह्य आहे का हे जोखायला एक मोजपट्टी मांडली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा ७ बाबींना प्रत्येकी ० ते १० गुण. बेरीज ३५ च्या वर असेल तर दिवस बरे चाललेत असं धरतात. मोजपट्टी उपयोगाची आहे, फक्त गुण देणारा हात मायेचा असतो आणि तो सढळ होतो. त्यापेक्षा भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री एक खूण करा, दिवस चांगला की वाईट. महिन्याचं पान समोर आलं की वाद कमी होतो.

दयामरणाचा निर्णय झाला तर पुढचं आधीच विचारून ठेवा: डॉक्टर घरी येतील का, नंतरची सोय कुठे. बहुधा आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, मग पेंटोबार्बिटल हे भुलीचं औषध मोठ्या मात्रेत, आणि काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे मिटत नाहीत. नंतर एखादा उसासा येतो, स्नायू फडफडतात, शू होते. हे आधी माहीत नसेल तर माणसं हबकतात, त्याला त्रास झाला असं वर्षानुवर्षं मनात धरून बसतात. पुरायचं असेल तर खड्डा खोल हवा आणि तिथले नियमही विचारून घ्या, कारण औषध शरीरात राहतं आणि उकरून खाणारं जनावर दगावू शकतं. मुलांना "झोपवलं" असं सांगू नका, ती झोपायला घाबरतात. घरात दुसरा कुत्रा असेल तर त्याला जवळ येऊन हुंगू द्या.

नंतरचा हिशेब

जिवंत असताना सगळं वयावर ढकललेलं असतं, गेल्यावर सगळं स्वतःवर घेतलं जातं. आधीच का नेलं नाही, घाई केली का, उशीर केला का. आज जे लख्ख दिसतंय ते त्या दिवशी समोर नव्हतं. लोक म्हणतील, "काही महिन्यांचीच तर सोबत होती." त्यांना पटवत बसू नका. त्या महिन्यांत तुमचा सगळा दिवस त्याच्या औषधांच्या वेळांवर चालला होता, त्यामुळे मोकळा वेळ अंगावर येणारच. भूक-झोप उडालेली परत येत नसेल तर स्वतःसाठीही मदत घ्या. घर रिकामं वाटतं एवढ्यावर पुढच्याच आठवड्यात दुसरा कुत्रा आणू नका, निदान गेलेल्याची जागा भरायला तरी नको.

उरलेल्या गोळ्या घरातल्या दुसऱ्या कुत्र्याला देऊ नका, त्याचा डोस आणि दुखणं वेगळं असतं. रॅम्प, हार्नेस, मॅट आणि न उघडलेलं खाद्य शेल्टरला चालतं का, ते फोन करून विचारा.